राजूर घाटाखालच्या मुलांचा समुद्र

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. या घाटाच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वरच्या अंगाचं पाणी येळगावच्या बाजूनं पैनगंगेत जातं आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतं. घाटाखालचं पाणी नळगंगेतून, विश्वगंगेतून पूर्णेत उतरतं. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. मोताळा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत विचारा, नळगंगा कुठून येते ते पोरं पटकन सांगतात. ती पुढे कुठे जाते म्हटलं, की बहुतेक उत्तरं मलकापूरपर्यंत येऊन थांबतात.

मोताळ्यासारख्या ठिकाणी समुद्री कासव आणि बेटं शिकवावीत की नाही, या प्रश्नाचा विचार मला या नकाशावरून करावासा वाटतो. समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब. तालुक्याची चिंता कपाशीची, मक्याची, उन्हाळ्यातल्या पाण्याची. अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवाचा पाठ घ्यायचा म्हटला तर ‘समुद्र कुठं अन् आपुन कुठं’ असं कुणीही म्हणेल, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तरीही माझं मत ठाम आहे. हा पाठ इथे घ्यायलाच हवा, मात्र आज ज्या रीतीनं घेतला जातो त्या रीतीनं नव्हे. तो नळगंगेच्या पुलावरून सुरू व्हावा, ज्ञानगंगेच्या जंगलातून जावा आणि मग कोकणातल्या वेळासच्या वाळूपर्यंत पोहोचावा.

आधी आक्षेपाचं बोलू. ग्रामीण मुलांना त्यांच्या परिसरापुरतंच शिकवावं, दूरच्या गोष्टींनी त्यांचं डोकं भरू नये, असं म्हणणारे पुष्कळ शहाणे लोक आहेत. यात मुलांविषयीची काळजी असते हे खरं, पण नकळत एक कुंपणही घातलं जातं. मुंबईच्या मुलानं पेंग्विन पाहावा, शार्क शिकावा, आणि मोताळ्याच्या मुलानं गावची विहीर नि बांध एवढंच जाणावं, ही वाटणी कोणी केली? तिसरीचं ‘परिसर अभ्यास’चं पुस्तक बालभारतीनं जिल्ह्यावार काढलं, ही फार चांगली गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्याच्या नद्या, डोंगर, पिकं मुलाला आधी कळावीत हे योग्यच. पण पाणी काही जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही आणि मुलांचं कुतूहलही थांबत नाही. पुढच्या इयत्तांत समुद्र येतो तो भूगोलातला समुद्र म्हणून, वेगळ्या धड्यात. दोन्हींना जोडणारी नदी मधल्या मधे हरवते.

दुसरी गोष्ट, या तालुक्यातल्या लोकांना दूरचा विचार झेपत नाही असं कोणी म्हणू नये. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेत मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं संयुक्त मानकरी ठरलं होतं. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात लोकांनी चर खोदले, बांध घातले. पाणी माथ्यावरून पायथ्याकडे कसं येतं, माती कुठे वाहते, पाणी कुठे मुरतं हे त्या गावानं आपल्या हातांनी समजून घेतलं. ज्या मुलांनी आपल्या आईबापांना श्रमदान करताना पाहिलं, त्यांना पाणलोट म्हणजे काय हे व्याख्येनं सांगावं लागत नाही. शिवाराचा पाणलोट ज्याला कळला त्याला तापीचं खोरं कळायला किती वेळ लागणार? २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत शहर पुरात बुडालं, ते वरच्या खोऱ्यातल्या मुसळधार पावसामुळे उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं म्हणून. त्या वरच्या खोऱ्यात पूर्णा येते आणि पूर्णेच्या खोऱ्यात आपण येतो. आपल्या आभाळाचं पाणी समुद्रापर्यंत जातं, याचा यापेक्षा सरळ पुरावा नको.

आज पर्यावरण शिकवलं जातं ते कसं, हेही एकदा स्पष्ट बोलायला हवं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. विषय आला, पुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या. मुलं बाजारातून प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता आणतात, चित्रं कापतात, वहीत चिकटवतात आणि खाली ‘निसर्ग वाचवा’ लिहितात. बाकी सगळं दिनांवर चालतं. त्यातही विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जागतिक कासव दिन २३ मे, पर्यावरण दिन ५ जून, समुद्री कासवांचा दिन १६ जून. तिन्ही दिवस आपली शाळा बंद! पुणे-मुंबईच्या सोयीनं आखलेला कार्यक्रम मग जुलैत कसाबसा उरकला जातो: एक रोप, एक फोटो, एक प्रभातफेरी. यातून मुलाला एवढंच कळतं की निसर्ग नावाची एक चांगली गोष्ट आहे, ती कुठेतरी दूर धोक्यात आहे आणि तिच्याविषयी वाईट वाटून घ्यायचं असतं. त्याच्या हाती काम येत नाही आणि डोक्यात प्रश्नही राहत नाही.

कासव हा प्रश्न विचारायला लावणारा प्राणी आहे, आणि आपल्या मुलांची त्याच्याशी ओळख शाळेच्या आधीच झालेली असते. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, त्याला हात लावून मूल आत जातं. घरी हरिपाठ-कीर्तनाचा वारा असेल तर कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते, हा दृष्टांत कानावर पडलेला असतो. संतांनी तो देवाच्या कृपेसाठी योजला. त्यात प्राणिशास्त्र शोधायला जाऊ नये, आणि ते नाही म्हणून त्याची थट्टाही करू नये. पण वर्गात मुलांना खरं काय घडतं तेही सांगावं. समुद्री कासवाची मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी वाळू उपसून हात-दीड हात खोल खड्डा करते. हे पाय आळीपाळीनं चालतात. एक पाय वाळू उचलून बाजूला टाकतो तेव्हा दुसरा थांबलेला असतो. खड्डा वर अरुंद नि खाली पसरट, रांजणासारखा होतो. त्यात ती शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून घेते, अंगाच्या भारानं ती दाबते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा फिरून बघत नाही. पिलं बाहेर येतात तेव्हा आई शेकडो किलोमीटर दूर असू शकते.

हे ऐकून एखादं मूल विचारणारच, मग पिलांकडे कोण बघतं? कोणी नाही, हे उत्तर त्याला द्यायला घाबरू नये. साधारण ४५ ते ६० दिवस वाळूच त्यांना उबवते. इथे आपल्या गावातल्या मुलाला किनाऱ्यावरच्या शहरी पर्यटकापेक्षा जास्त कळतं, कारण त्यानं घरी खुडूक कोंबडी टोपलीत बसवलेली पाहिली आहे. कोंबडी अंडी चोचीनं उलटीपालटी करते, तशी ती केली नाहीत तर पिलू नीट धरत नाही. कासवाचं नेमकं उलट आहे. अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलं तर गर्भ मरतो. म्हणून किनाऱ्यावरचे कासवमित्र पहाटेच माग काढतात, अंडी ज्या बाजूवर असतील त्याच बाजूवर अलगद उचलून ठेवतात आणि सुरक्षित कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात. आणखी एक गोष्ट विदर्भाच्या मुलाला लगेच भिडेल. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू त्याहून तापली तर माद्या वाढत जातात, थंड राहिली तर नर. ज्या मुलानं ४५ अंशांचा मे महिना अंगावर काढला आहे, त्याला तापमानवाढ हा शब्द परीक्षेपुरता राहणार नाही. किनारे असेच तापत गेले तर पुढे नरच उरणार नाहीत, ही भीती त्याला आपल्या उन्हाच्या अनुभवातून समजेल.

राजूर घाटातला काळा दगड ज्या लाव्ह्याचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. समुद्री कासवांचं कूळ त्याहूनही जुनं, दहा कोटी वर्षांच्या पलीकडचं. म्हणजे ज्या दगडावर मोताळा वसलं आहे तो दगड जन्मायच्या आधीपासून कासवं समुद्रात पोहत होती. लोणारचं विवर तर त्यांच्यापुढे कालचं. इतकं टिकून राहिलेलं कूळ गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जाळी, अंड्यांची चोरी, किनाऱ्यावरची बांधकामं आणि प्लॅस्टिक यांमुळे धोक्यात यावं, ही गोष्ट मुलाला सुन्न करील. तिथेच पाठ संपवला तर मात्र आपण त्याच्यावर अन्याय करतो. सुन्न झालेल्या मुलाला पुढची वाट दाखवणं हे शिक्षकाचं काम, आणि ती वाट महाराष्ट्रातच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणविसांचं गाव म्हणून इतिहासात माहीत होतं. आता ते कासवांचं गाव आहे. त्याची सुरुवात कासवांपासून झालीच नाही. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची पाहणी करत ही मंडळी किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरत होती. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी होते हेही याच संस्थेनं उघडकीला आणलं. ती घरटी परदेशात सूप करण्यासाठी विकली जात. २००२ मध्ये वेळासला त्यांना कासवाची लुटलेली घरटी दिसली. अंडी माणसं नेत, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. गावाशी बोलणी झाली, वनखातं आलं, किनाऱ्यावर कुंपण घातलं गेलं, आणि अंडी शोधण्यात तरबेज असलेली माणसंच ती राखू लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिलं समुद्रात जाताना पाहायला येऊ लागले, गावातल्या घरांत राहू लागले आणि पाहुण्यांच्या जेवणाखाण्यातून गावाला चार पैसे मिळू लागले. गर्दीचे तोटेही आहेत. फोटोसाठी धडपडणारे, वाळूत आवाज करणारे लोक येतात, त्यांना आवरणं हे गावाला एक नवं कामच होऊन बसलं आहे. पण अंड्यांची चोरी थांबली ती भाषणांनी थांबली नाही. गावाचं पोट आणि कासवाचा जीव एका बाजूला आले म्हणून थांबली. पर्यावरणाच्या पुस्तकात हे वाक्य सापडत नाही, आणि शेतकऱ्याच्या मुलाला सर्वांत आधी पटेल ते हेच.

या कामाच्या पुढे विज्ञानानं जे दाखवलं, त्याचं तर आपल्या जिल्ह्याशी नातं जुळतं. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली गेली. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा उपक्रम होता. प्रथमा, सावनी, वनश्री, लक्ष्मी, रेवा ही त्यांची नावं. प्रथमा वेळासहून वर गुजरातच्या किनाऱ्याकडे गेली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला आधीपासूनच बिल्ला होता. तो ओडिशात २०२१ मध्ये लावलेला निघाला. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर कापून ती पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर आली होती. ओडिशाच्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी २०२५ मध्ये सुमारे सात लाख माद्यांनी अंडी घातली, असा तो कासवांचा महासागर. आपल्या कोकणात एकेकट्या येणाऱ्या माद्या. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, असं समजलं जायचं. त्या एका बिल्ल्यानं अभ्यासकांना ही समजूत पुन्हा तपासायला लावलं.

ज्या जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांत जातं, त्या जिल्ह्याच्या मुलांना ही दोन्ही समुद्र जोडणारी कासवी सांगितली गेली नाही, तर सांगायची कुणाला? आता माणूसही हेच करू पाहतो आहे. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मान्यता दिलेला वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प भंडाऱ्याकडच्या गोसीखुर्दहून निघून चारशेहून अधिक किलोमीटरचा कालवा पार करत मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत येणार आहे. बंगालच्या उपसागराकडे जाणारं गोदावरी खोऱ्याचं पाणी तापीच्या खोऱ्यात येईल. पाण्यासाठी तळमळणाऱ्या पश्चिम विदर्भाला ते हवंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण नदी समुद्राला जे देते, गोडं पाणी, गाळ, माशांचं अन्न, ते दुसरीकडे वळवल्यावर मुखाशी काय होतं, हा प्रश्न मुलांनी विचारायला हवा. समुद्रात जाणारं पाणी वाया जातं, असं आपण सर्रास म्हणतो. कासव शिकलेलं मूल तसं म्हणणार नाही. ते हिशेब मागेल, आणि या तालुक्यातच धरण असल्यानं तो हिशेब मागायचा अधिकार त्याच्याइतका कुणाचाच नाही.

बेटांविषयीही हेच. बेट शिकवायला समुद्राकडे जायची गरज नाही, एक बेट मोताळ्याच्या शेजारी आहे. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं आणि चहूबाजूंनी शेतं, रस्ते, गावं. तिथली अस्वलं, बिबटे, चिंकारा यांच्यासाठी भोवतालची शेती समुद्रासारखीच आहे. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांचा सिद्धांत मांडला: बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं तुटलेलं, तितक्या त्यावर जीवांच्या जाती कमी टिकतात. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी तो जंगलाच्या तुकड्यांना लावून पाहिला. आपल्याकडे तो एका वाघानं चालून दाखवला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात पट्टा, तेलंगणाच्या हद्दीत शिरून परत आला. नांदेड, हिंगोली, वाशीम अशी मजल करत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत, तेराशे किलोमीटरच्या वर चालून त्या वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत आला. पुढचं फिरणं धरलं तर त्याची वाटचाल तीन हजार किलोमीटरवर जाते. त्याला इथे शिकार मिळाली, पाणी मिळालं, पण जोडीदार नव्हती. एवढं चालून आलेला तो प्राणी या बेटावर एकटाच होता. बेटावरच्या जीवाला वाट लागते, येण्याची आणि जाण्याची. ती तुटली की जंगल हिरवं दिसत राहतं, आतून मात्र रिकामं होत जातं. वाघाची ही वाटचाल आणि कासवीची ती साडेतीन हजार किलोमीटरची, फळ्यावर शेजारी शेजारी काढा. मुलांना संवर्धन म्हणजे कुंपण एवढंच वाटायचं थांबेल.

आणि मग खरोखरच्या बेटावर जावं, ग्रेट निकोबारला. भारतातल्या समुद्री कासवांत सर्वांत मोठं चर्मपाठी कासव ज्या मोजक्या किनाऱ्यांवर अंडी घालतं, त्यांत या बेटावरचा गलाथिया उपसागराचा किनारा येतो. २००४ च्या त्सुनामीनं तो उद्ध्वस्त केला, वाळू पुन्हा साचली, कासवं पुन्हा आली. लिटल अंदमानला उपग्रहाचं यंत्र लावलेली हीच कासवं काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे, तर काही थेट आफ्रिकेकडे गेल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. २०२१ च्या जानेवारीत गलाथियाचं अभयारण्य रद्द करण्यात आलं, कारण तिथे मोठं बंदर व्हायचं आहे. २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी जाणार आणि भरपाईची झाडं लावायची ती हरियाणासारख्या ठिकाणी. सरकारची बाजू अशी की मलाक्काच्या समुद्रमार्गाजवळ देशाला तळ आणि बंदर हवं. ही बाजू खोटी नाही, मुलांना तीही सांगावी. पण ज्ञानगंगा पाहिलेलं मूल एक प्रश्न नक्की विचारेल: बेटावरचं जंगल तोडून हरियाणात लावलं तर बेटावरच्या प्राण्यांचं काय? माझ्या मते या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही आणि अभयारण्य रद्द करणं चूक होतं. शिक्षकानं माझं मत सांगू नये, पण प्रश्न दाबूही नये. ज्या शिक्षणात वाद येत नाही ते पर्यावरण शिक्षण मुलांना फक्त चित्रं रंगवायला शिकवतं.

इथे सर्वांत वजनदार आक्षेपाकडे यावं लागतं. मोठ्यांनी बिघडवायचं आणि सावरायची जबाबदारी शाळकरी पोरांवर टाकायची, हा कुठला न्याय? दहा वर्षांच्या मुलाला पृथ्वी वाचवायला सांगणं म्हणजे आपल्या अंगावरचं ओझं त्याच्या दप्तरात भरणं आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कासव वाचतं ते मोठ्यांच्या निर्णयांनी. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा इतर संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं तर महाराष्ट्र सरकार त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना हजार घोषवाक्यांहून मोलाची आहे, कारण कासव सोडलं तर बुडेल कोण, याचा विचार तिनं केला. ट्रॉलरच्या जाळ्यांतून कासव निसटावं म्हणून बसवायची सोय आपण वेळेत केली नाही, म्हणून अमेरिकेनं २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. हे सगळे प्रश्न मोठ्यांचे. मुलांकडून कृतीचा भार मागू नये. त्यांना नीट पाहायला, मोजायला आणि विचारायला शिकवावं, आणि उत्तर देण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी. एवढा फरक पाळला तर मूल अपराधी भावनेनं दबत नाही.

पाहायचं काय, ते नळगंगेत आहे. तळ्यांत, नाल्यांत, पाटाच्या पाण्यात राहणारं मऊ पाठीचं गोड्या पाण्यातलं कासव आपल्याकडे आहे. पोटाकडून झडपा लावल्यासारखे पाय आत घेतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात दबून बसतं, पहिल्या पावसाला शेताच्या बांधावरही सापडतं. मेलेलं, सडलेलं खाऊन पाणी साफ ठेवतं. तेही कायद्यानं वाघाइतकंच संरक्षित आहे. तरी ते मुलांना वर्गात भेटत नाही, भेटतं ते वेगळ्याच बातमीत. वीस नखांचं कासव घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो, या थापेवर लोक लाखो रुपये घालवतात आणि पोलीस जेव्हा टोळ्या पकडतात तेव्हा पोत्यात बांधलेली कासवं निघतात. भरभराटीसाठी काचेच्या भांड्यात कासव पाळण्याची हौस तर तालुक्याच्या गावांतही पोहोचली आहे. समुद्री कासवासाठी हळहळणारं आणि घरातल्या भांड्यातल्या कासवाकडे बघून गप्प बसणारं मूल आपल्याला घडवायचं आहे का? कासव नीट शिकलेलं मूल घरी जाऊन वडिलांना विचारील, तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी वनखात्याला फोन करावा.

म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती अशी. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा नळगंगेला नवं पाणी आलेलं असतं. पाचवी ते आठवीच्या मुलांना त्या आठवड्यात, मोठ्यांच्या सोबतीनं, काठावर उभं करा. ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचं फाटलेलं प्लॅस्टिक, औषधांचे रिकामे डबे, गुटख्याच्या पुड्या, पाण्याबरोबर काय काय वाहत आलं ते त्यांना पुलावरून वहीत लिहू द्या. पूर्णा, चांगदेव, हतनूर, उकाई, सुरत ही वाट नकाशावर बोटानं फिरवू द्या. धरणं बरंच अडवतात आणि पुरात बरंच सुटतं, दोन्ही खरं सांगा. शक्य असेल त्या शाळेनं सहल एकदा रायगड-गणपतीपुळ्याऐवजी मार्चमध्ये वेळासला न्यावी. परीक्षा जवळ असतात हे ठाऊक आहे, पण एका आठवड्याची तडजोड करता येते. वेळासच्या शाळेला पत्र लिहावं. तिथल्या मुलांनी त्यांच्याच समुद्राला मिळणारी तापी कुठून येते हे शिकावं, इथल्यांनी ती कुठे जाते हे. आणि मुलांनी केलेली ती यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचली जावी. औषधांचे डबे कोण गोळा करणार, जुन्या नळ्या कुठे जाणार, कधीपासून, हे सरपंचांनी त्यांना तिथेच सांगावं आणि ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून द्यावं.